बाईचा गुडघा आणि नवा इलाज

(दुधनी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर येथे महिला आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात गुडघ्यांवर बोलायचं ठरलं, तेव्हा आपल्यातल्याच काहीजणींनी विचारलं, "ताई, हा काय विषय झाला? मारहाण, पोटगी, रेशन, दारू हे आपले विषय. गुडघ्याचं डॉक्टर बघतील." विचारणं रास्त आहे. तरी मी हा विषय लावून धरला. त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे, दुधनीत आणि आसपासच्या गावांत बचतगटाच्या बैठका घेताना चाळिशी ओलांडलेल्या बायांमध्ये गुडघ्याची तक्रार नसलेली बाई मला क्वचितच भेटली. मराठी बोलणारी म्हणते 'गुडघ्यात गॅप पडलाय', 'वंगण संपलंय'. कन्नड बोलणारी 'मोणकाल' म्हणून गुडघ्यावर हात ठेवते. भाषा वेगळी असली तरी दुखणं एकच आहे. दुसरं कारण, या दुखण्यावर बाया आपला शेवटचा दागिना मोडायला लागल्या आहेत. आणि तिसरं, 'गुडघ्यातली झिजलेली गादी पेशी घालून पुन्हा उगवता येते' अशी बातमी आता आपल्यापर्यंत येऊन पोचली आहे. ही बातमी काही प्रमाणात खरी आहे. पूर्ण खोट्या गोष्टीला आपण लवकर ओळखतो, पण अर्धी खरी गोष्ट आपल्याला फसवते. म्हणून त्यात खरं किती आणि कुणासाठी खरं, हे आज समजून घेऊ.

सांध्यात असतं काय?

आधी आपलं शरीर समजून घेऊ. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तो गुडघा. समोरून वाटी असते. ही हाडं एकमेकांवर थेट घासत नाहीत. त्यांच्या टोकांवर पांढरा, गुळगुळीत, ओल्या काचेसारखा थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. आपण बोलताना 'गादी' म्हणतो तो हाच थर. गुडघ्यात तो फार तर काही मिलिमीटर जाड असतो. त्याच्या वजनातला बहुतेक भाग पाण्याचा असतो आणि ते पाणी तंतूंच्या जाळीत धरून ठेवलेलं असतं. त्या जाळीत तुरळक पेशी विखुरलेल्या असतात. त्या पेशीच हा थर बनवतात आणि राखतात.

आता महत्त्वाची गोष्ट. या थरात रक्तवाहिन्या नसतात. आपलं बोट कापलं तर रक्त येतं, खपली धरते, नवी कातडी येते. कूर्चा कापली गेली तर तिथे रक्तच पोचत नाही, मग भरून कशी येणार? सांध्यातल्या पाण्यातून तिला अन्न मिळतं. आपण चाललो की थर दाबला जातो, सोडला की पुन्हा पाणी शोषून घेतो, स्पंज पिळल्यासारखं. म्हणून अजिबात न हलणं हेही गुडघ्याला वाईट आणि तासन् तास एकाच जागी दाबून ठेवणं हेही वाईट. 1743 साली लंडनमध्ये विल्यम हंटर या वैद्याने लिहून ठेवलं होतं, की कूर्चा एकदा बिघडली की ती दुरुस्त होत नाही. पुढची जवळजवळ अडीचशे वर्षं डॉक्टर तेच सांगत राहिले.

दोन प्रकारचं नुकसान इथे वेगळं करून लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं बोलणं या फरकावर उभं आहे. एक, इजा. म्हणजे धडधाकट गुडघ्यात पडल्यामुळे, मुरगळल्यामुळे कूर्चेचा एका जागचा तुकडा निघून जातो. फरशी नवी आहे, पण एक टाइल फुटली, असं समजा. दुसरी झीज. म्हणजे वर्षानुवर्षांच्या भाराने, वयाने, पाळी गेल्यानंतरच्या बदलांनी सगळाच थर पातळ होत जातो, हाडाला कंगोरे येतात, सांध्याला सूज धरते, पाय वाकडे होऊ लागतात. इथे टाइल फुटलेली नाही, सगळी जमीनच खचली आहे. पन्नाशीनंतर ही झीज पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळते.

पेशींचा इलाज आला कुठून

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. कल्पना शेतकऱ्याच्या बाईला सहज कळेल अशी आहे. रोप तयार करून लावणी करायची. रुग्णाच्याच गुडघ्यातल्या, जिथे भार पडत नाही अशा कडेची चिमूटभर कूर्चा दुर्बिणीतून काढून घ्यायची. प्रयोगशाळेत तिच्यातल्या पेशी मोकळ्या करायच्या आणि काही आठवडे वाढवायच्या. पेशी लाखोंच्या संख्येत झाल्या, की दुसऱ्यांदा ऑपरेशन करायचं. खड्ड्याच्या कडा साफ करायच्या, वर नडगीच्या हाडावरचं पातळ आवरण शिवून झाकण करायचं आणि त्याखाली पेशी सोडायच्या. पुढे झाकणाऐवजी पडदा आला. पेशी पडद्यावर पेरून तो पडदाच खड्ड्यात चिकटवतात.

1994 साली त्यांनी पहिल्या 23 रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. हे रुग्ण 14 ते 48 वयाचे होते. मांडीच्या हाडाच्या टोकाला इजा असलेल्या 16 जणांपैकी 14 जणांना दोन वर्षांनी चांगला गुण होता. वाटीमागे इजा असलेल्या सातांपैकी मात्र दोघांनाच. म्हणजे एकाच गुडघ्यात जागा बदलली की निकाल बदलला. पुढे नॉर्वेत 80 रुग्णांवर तुलना झाली. निम्म्यांना पेशी लावल्या, निम्म्यांच्या खड्ड्यातल्या हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर आणलं. ही दुसरी पद्धत स्वस्त आणि एकाच ऑपरेशनची. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही दोन्हींत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. त्यानंतर पद्धती सुधारल्या, मोठ्या खड्ड्यांसाठी पेशींचा उपयोग जास्त आहे असं दिसत गेलं. अमेरिकेत 1997 साली या पेशींना परवाना मिळाला, 2016 साली पडद्याच्या प्रकाराला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2017 साली हा इलाज मान्य केला, पण अटी घालून. गुडघ्यात झीज अगदी थोडी हवी, खड्डा दोन चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा हवा आणि त्यावर आधी दुरुस्तीचं ऑपरेशन झालेलं नको.

हे फक्त परदेशातलं नाही. 2017 साली आपल्या देशाच्या औषध महानियंत्रकांनी रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून लावण्याच्या इलाजाला मान्यता दिली. तो आणणारी रीग्रो बायोसायन्सेस ही कंपनी मुंबईची आणि पेशी वाढवण्याची तिची प्रयोगशाळा लोणावळ्याची. म्हणजे आपल्याच राज्यात, आपल्या रेल्वेच्या वाटेवर हे काम होतं. विज्ञान खरं आहे, माणसांनी कष्टाने उभं केलेलं आहे, त्याची टवाळी करायला मी उभी नाही.

इलाज कुणासाठी?

आता सगळ्या अटी एकत्र ठेवा. वय तरुण किंवा मध्यम. इजा एका जागची. बाकी गुडघा चांगला. पाय सरळ, शिरा धड किंवा दुरुस्त करून घेतलेल्या. दोन ऑपरेशनं. खर्च लाखांत. आणि ऑपरेशननंतर? सहा ते आठ आठवडे कुबड्या, पूर्ण भार टाकायचा नाही, रोज व्यायाम, उकिडवं बसायचं नाही. पूर्ववत व्हायला वर्षभर किंवा जास्त.

मी हे कागदावर लिहून काढलं आणि आपल्या बायांपुढे ठेवून बघितलं. दुधनी हे तुरीचं गाव. खुरपणीला बाई उकिडवी बसून ओळीने सरकते. काढणीला वाकते. बाजारात अडत दुकानांपुढे धान्य चाळायला, निवडायला दिवसभर जमिनीवर बसते. घरी येऊन चुलीपुढे बसून भाकऱ्या थापते, धुणं, सारवण, पाण्याची घागर. 'सहा आठवडे पाय टेकवू नका' असं डॉक्टर म्हणतील तेव्हा त्या घरात भाकरी कोण थापणार? ऑपरेशनचे पैसे एखाद्या वेळी जमतील, पण बाईला विश्रांती देणारं घर कुठून आणायचं? हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

त्याहून मोठी गोष्ट ही, की आपल्या बहुतेक बायांचा गुडघा इजेचा नाही, झिजेचा आहे. पेशी लावण्याचा हा इलाज त्यांच्यासाठी बनलेलाच नाही. खचलेल्या जमिनीवर एक टाइल बसवून घर सावरत नाही.

एक पत्रक आणि एक मुलगी

आमच्या एका गटातल्या बाईची गोष्ट सांगते. वय चोपन्न, विधवा, दोन्ही गुडघे झिजलेले. शहरातल्या एका दवाखान्याचं रंगीत पत्रक तिच्या पुतण्याने आणलं. त्यावर लिहिलेलं, 'ऑपरेशनशिवाय गादी पुन्हा तयार, पेशींची इंजेक्शनं, शंभर टक्के गुण.' तीन इंजेक्शनांचा दर तिच्या वर्षाच्या मजुरीपेक्षा जास्त होता. तिने बोरमाळ मोडायचं नक्की केलं होतं. मला म्हणाली, "ताई, माळ गळ्यात घालून मी बसूनच राहणार असले तर काय करू तिचं?" तिला उत्तर देणं सोपं नव्हतं. मी तिच्याबरोबर तो दवाखाना गाठला. कुठल्या पेशी, कुठून काढणार, कुठे वाढवणार, औषध नियंत्रकांचा परवाना आहे का, एवढेच प्रश्न विचारले. समोरच्या माणसाने आधी हसून टाळलं, मग चिडून विचारलं, "तुम्ही पेशंट आहात का?" बाई माझ्याआधी उठली. जमिनीला नाही, खुर्चीला हात टेकवून उठली आणि म्हणाली, "पेशंट मी आहे. मला सांगा." त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं.

आता दुसरी. एकोणीस वर्षांची मुलगी, कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळणारी. चढाई करताना गुडघा पिळला गेला, खट्‌कन आवाज आला, सूज आली. घरच्यांनी तेल लावून पट्टी बांधली आणि बाहेर कुणाला कळू दिलं नाही. आईचं म्हणणं होतं, "पायात दोष आहे म्हटलं तर स्थळ येईल का?" आठ महिने ती लंगडत होती. उड्या आणि वळणं असलेल्या खेळांत गुडघ्याची आतली शीर तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, हे जगभर नोंदलेलं आहे. तुटलेल्या शिरेवर चालत राहिलं की आतली चकती आणि कूर्चाही फाटत जाते. म्हणजे वेळेवर तपासून ज्या मुलीचा गुडघा वाचवता आला असता, आणि गरज पडली तर पेशींचा इलाज ज्या वयासाठी आणि ज्या इजेसाठी आहे, तिलाच आपण घरात लपवतो.

या दोघी मला एकाच कागदाच्या दोन बाजू वाटतात. जिला या इलाजाचा उपयोग नाही तिला तो विकला जातो, आणि जिला होऊ शकतो तिच्यापासून तो लपवला जातो. एकीला बाजार फसवतो, दुसरीला लग्नाचा बाजार.

इंजेक्शनांचं खरं काय?

पत्रकांत सगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. त्या वेगळ्या करू.

आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून त्यातला बिंबिकांचा भाग गुडघ्यात टोचतात. याला पीआरपी म्हणतात. यात पेशी वाढवलेल्या नसतात. ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर काळजीपूर्वक तुलना झाली. निम्म्यांना हे, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. 2021 साली निकाल आला. वर्षभराने वेदनेत आणि कूर्चेच्या स्थितीत दोन्हींमध्ये म्हणण्याजोगा फरक नव्हता.

दुसरा प्रकार म्हणजे चरबीतून किंवा हाडाच्या मगजातून काढलेल्या 'मूळ पेशीं'ची इंजेक्शनं. अमेरिकेत 475 रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल 2023 साली आला. एका वर्षानंतर कुठल्याही पेशींच्या इंजेक्शनने साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा जास्त गुण दिला नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीच्या, दात्यांच्या मगजातल्या पेशींपासून केलेल्या इंजेक्शनाला 2022 साली मान्यता मिळाली, ती मध्यम झिजेसाठी. त्याच्या चाचणीत वेदना कमी झाल्याचं मांडलं आहे. वेदना कमी होणं ही लहान गोष्ट नाही. पण वेदना कमी होणं वेगळं आणि गादी नव्याने उगवणं वेगळं. पत्रक पहिल्याच्या नावावर दुसरं विकतं.

कायदा काय सांगतो तेही ऐका. 2017 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने मूळ पेशींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मान्य झालेले मोजके उपचार सोडले तर या पेशी फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच वापरायच्या, आणि चाचणीत रुग्णाकडून इलाजाचे पैसे घ्यायचे नाहीत. 2019 सालच्या नियमांनी पेशींपासून केलेलं उत्पादन हे 'नवं औषध' धरलं, म्हणजे केंद्रीय परवान्याशिवाय ते विकता येत नाही. तेव्हा 'नवीन संशोधन आहे' असं म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर संशोधन असेल तर पैसे कसे आणि विक्री असेल तर परवाना कुठे, एवढं विचारायचं.

मग झिजलेल्या गुडघ्याने करायचं काय?

नुसतं 'फसू नका' सांगून मी गेले तर बोरमाळ मोडायला निघालेल्या त्या बाईला काय उपयोग? म्हणून जे खात्रीने उपयोगी पडतं ते सांगते.

मांडीचे स्नायू घट्ट करणं हा पहिला इलाज आहे. खाटेच्या कडेवर बसून पाय सरळ करायचा, दहा अंक मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पैसे लागत नाहीत, पण दोन-तीन महिने नेमाने करावं लागतं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी थोडं जरी उतरवलं तरी गुडघ्यावरचा भार त्याच्या कितीतरी पट हलका होतो. शेकण्याने, हातात काठी घेण्याने आराम मिळतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. काठीची लाज वाटते असं बाया म्हणतात. पुढाऱ्याच्या हातात काठी असली तर तो रुबाब होतो, बाईच्या हातात आली की म्हातारपण, हे कुणी ठरवलं?

वेदनेच्या गोळ्या दुकानातून घेऊन महिनोन् महिने खाऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात. 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून पुडीतून मिळणाऱ्या नाव नसलेल्या पावडरींत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवसांत बरं वाटतं, आणि मग चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. सूज दोन्ही हातांच्या बोटांत असेल, सकाळी तासभर सांधे आखडत असतील, ताप असेल तर ती झीज नसून वेगळा वात असू शकतो. त्याला वेगळी औषधं आहेत, लवकर तपासून घ्या.

आणि गुडघा अगदी बाद झाला असेल तर सांधा बदलण्याचं ऑपरेशन आहे. जुनं, चांगलं तपासलेलं ऑपरेशन आहे. 2017 साली राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा सांधा दीड लाखाच्या वर विकला जात होता, तो कर सोडून 54,720 रुपयांवर आणला. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा आणि आजच्या दराशी ताडून बघा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आपलं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात योजनेत बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. सोलापूरचं सरकारी रुग्णालय आपल्या हक्काचं आहे. गाडीने जाता येतं, कलबुर्गीही जवळ आहे. दोन ठिकाणी दाखवून मत घेणं यात डॉक्टरचा अपमान नाही.

कुठेही गुडघ्यात काही टोचून घेण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

1. माझ्या गुडघ्यात इजा आहे की झीज? फोटोत दाखवा.
2. जे टोचणार ते नेमकं काय आहे? त्याला कशासाठी मान्यता आहे?
3. माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या गुडघ्याच्या बायांना किती गुण आला?
4. गुण आला नाही तर पुढे काय?
5. एकूण खर्च किती? पक्की पावती मिळेल का?
6. नंतर किती दिवस काम बंद?

2021 सालच्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आरोग्य चळवळीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून हे मिळवलं. भिंतीवर नसेल तर 'कुठे आहे?' म्हणून विचारा. एकटीला विचारायला संकोच वाटला तर गटातली दुसरी बरोबर न्या.

गुडघा हा श्रमाचा प्रश्न आहे

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपण गादी पुन्हा कशी उगवायची याबद्दल इतकं बोललो. ती झिजते का, याबद्दल कोण बोलतं?

इंग्लंडमध्ये कोळसा खाणीत गुडघ्यांवर रांगून काम करणाऱ्या कामगारांनी लढा दिला. 2009 साली तिथल्या सरकारने गुडघ्याची झीज हा खाणकामगारांचा कामामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला, त्यावर भरपाई सुरू झाली. नंतर फरशी आणि गालिचे बसवणाऱ्यांचीही भर पडली. चांगलंच झालं. पण यादी बघा. फरशी बसवणारा आहे, ती आयुष्यभर पुसणारी नाही. जगभर बाईच्या श्रमाला श्रम म्हटलं जात नाही, मग तिच्या झिजेला कामाची झीज कोण म्हणेल? तिला 'वय झालं' म्हणतात.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर कंबरेत वाकून खुरपायला लावत. लांब दांडा दिला तर पिकाची नासाडी होईल, असं मळेवाले म्हणायचे. मजुरांनी आणि त्यांच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी काढल्या, कोर्टात गेले. 1975 साली ती आखूड कुदळ बंद झाली. मळे बुडाले नाहीत. तिथे कुणाच्या पाठीत नव्या पेशी घातल्या नव्हत्या, दांडा लांब केला होता.

आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम झालेलं आहे. उभ्याने चालवायची कोळपी आहेत. पण घरात पैसा आला की आधी ट्रॅक्टरचा हप्ता भरला जातो, बाईच्या हातातलं खुरपं आजीच्या वेळचंच राहतं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ऐन तिशीत पिशवी, आणि कधी अंडाशयंही, काढली गेली की पाळी जाण्याचं वय अलीकडे येतं आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. म्हणजे गर्भाशयाचा, मजुरीचा आणि हाडांचा प्रश्न एकमेकांत गुंतलेला आहे. बाईचं शरीर अवयवांत तोडून पाहिलं की हा गुंता दिसत नाही.

म्हणून मेळाव्यापुढे माझ्या काही सूचना आहेत. बचतगटाच्या कर्जातून प्रत्येक गावात निदान दोन उभ्याने चालवायची कोळपी घेऊन ती पाळीपाळीने वापरावीत. अडत दुकानांपुढे चाळणी करणाऱ्या बायांसाठी चौरंग किंवा बाकडी आणि दर दोन तासांनी उठायची सवड, ही मागणी बाजार समितीपुढे न्यावी. घरात भाकरीसाठी ओटा करताना त्याची उंची बाईने ठरवावी. गुडघ्याचा फिजिओथेरपी तपासणी दिवस महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयात ठेवा, असं निवेदन द्यावं. मुलींच्या शाळा-कॉलेजांत खेळाच्या शिक्षकांना भेटून, इजा झालेल्या मुलीला आठवड्याच्या आत हाडांच्या डॉक्टरकडे पाठवण्याचा आग्रह धरावा. त्या मुलीच्या आईबरोबर बसायचं काम गटातल्या बायांनी घ्यावं. आणि गुडघ्याच्या, सांध्याच्या नावाने आलेलं प्रत्येक पत्रक गटात आणून मोठ्याने वाचावं, वरचे सहा प्रश्न त्याला लावून बघावेत.

ती कबड्डीची मुलगी आता तपासून आली आहे. शीर तुटलेली निघाली, कूर्चा अजून फारशी बिघडलेली नाही. शिरेचं ऑपरेशन ठरतं आहे आणि तिची आई रजेचं विचारायला मुकादमाकडे दोनदा जाऊन आली. बोरमाळवाली बाई सकाळ-संध्याकाळ पाय उचलते आणि शेजारणींनाही उचलायला लावते. तिच्या गल्लीतल्या अकराजणी आज इथे आल्या आहेत.

निवेदनाचा मसुदा मी आणला आहे. जेवणानंतर तो मराठीत आणि कन्नडमध्ये वाचू, दुरुस्त करू आणि सह्या-अंगठे घेऊ. तोवर ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी भिंतीकडच्या खुर्च्या घ्या, लाजू नका.